एव्हरिलची मुरड

बाईमाणसाला लोखंडी टाकीत कोंडायचं, दार घट्ट लावायचं, आतल्या हवेचा दाब वाढवत न्यायचा आणि वर जाड काचेतून हसून विचारायचं, "सगळं ठीक ना?" आणि त्या बाईनेही आतून हसून अंगठा दाखवायचा. सहा आठवडे मी हे केलंय, तेव्हा त्याबद्दल वाट्टेल ते बोलायचा मला हक्क आहे.

टाकी मुळात नौदलातल्या पाणबुड्यांसाठी होती. घाईघाईने समुद्रातून वर आलेल्या माणसाच्या रक्तात बुडबुडे होतात, त्याला त्यात घालून पुन्हा दाबाखाली नेतात आणि सावकाश वर आणतात. आमच्या तिघींचं प्रकरण वेगळं होतं. स्तनातली गाठ काढली, काखेतल्या गाठी काढल्या, वरून किरणांनी शेकून घेतलं. कॅन्सर गेला आणि जाताना हात सुजवून गेला. काखेतली वाट बंद झाली की हातातलं पाणी वर सरकत नाही, तिथेच साचतं. दिवसरात्र घट्ट बाही घालायची, मालीश करायची, आणि भांडी घासताना हातमोजा फाटला तरी जंतू शिरतील म्हणून घाबरायचं. डॉक्टरांचा अंदाज असा की किरणांनी ती जागा करपलेली असते. दाबाखाली शुद्ध प्राणवायू दिला तर तिथे नव्या बारीक वाहिन्या फुटतील आणि पाण्याला वाट मिळेल. अंदाजच हो. खात्री असती तर चाचणी कशाला केली असती? काही बायकांना प्राणवायू मिळणार, काहींना नुसती नेहमीची देखभाल, आणि कोणाला काय ते संगणक ठरवणार. आमच्या वाट्याला प्राणवायू आला तेव्हा आम्ही सोडत लागल्यासारख्या नाचलो होतो.

मी थेल्मा ट्रुस्कॉट. पेनविडन या आमच्या बंदरगावाच्या धक्क्यावर माझं लोकरीचं दुकान होतं. टाकीत लोकर चालत नाही, नायलॉन चालत नाही, ठिणगी पडेल म्हणे. त्यामुळे मला रोज रुग्णालयाचा सुती झगा घालावा लागायचा, आणि त्याची पाठीमागची नाडी कधी नीट बसली असेल तर शपथ.

एव्हरिल बोसान्को माझ्याच गावची. तिला गाडी चालवता येत नाही, म्हणून मी तिला रोज माझ्या गाडीतून न्यायची, तामार नदीवरचा पूल ओलांडून पलीकडच्या शहरात. जाताना दीड तास, येताना ट्रॅक्टर आडवा आला तर त्याहून जास्त. तिसरी हिलरी, एका पाद्र्याची बायको, त्याच शहरातली. इतकी हळू बोलायची की टाकीत नसतानाही तिला काय म्हणालात म्हणून विचारावं लागायचं.

एव्हरिल जोवन नान्किवेलच्या बेकरीत मुरड घालायची. आमच्याकडे पेस्टी म्हणजे वीतभर लांबीची करंजीच, फक्त आत मांस, बटाटा, कांदा आणि सलगम. पारी भरली, मिटली, की कडेला मुरड. यंत्राने घालता येते, पण यंत्राची पेस्टी आमच्या गावात कोणी घेत नाही, परक्या पर्यटकांना विकतात. शाळा सुटल्यापासून एव्हरिल त्याच बाकावर बसत आलेली. तिची बोटं चालायला लागली की बघणाऱ्याला दिसायचं नाही, एका टोकाला सुरुवात आणि दुसऱ्या टोकाला शेपूट, झालं. आणि सूज आली ती नेमकी त्या कामाच्या हाताला. बोटं अशी की आतून कोणी कणीक भरली आहे.

"जोवनने माझी जागा राखून ठेवलीय," ती गाडीत रोज म्हणायची. "प्राणवायू संपला की परत ये म्हणालाय."

"मग जाशील की."

"जाईनच. घरी बसून काय करू? भिंतींशी गप्पा?"

नवरा गेलेला, मुलगा कॅनडात. त्या बाकाशिवाय तिचं दुसरं काहीच नव्हतं, हे मला ठाऊक होतं आणि तिलाही.

आता टाकीचं सांगते. डेस म्हणून एक माणूस आमच्याबरोबर आत बसायचा. नौदलातून निवृत्त, मान बैलासारखी, आवाज मात्र लहान मुलाला झोपवणाऱ्या बाईचा. तो दार ओढून घ्यायचा, चाक फिरवायचा, आणि मग हवा सूंऽऽ करत आत शिरायची. कान दडपायचे. नाक धरून फुंकर मारा, जांभया द्या, चघळायला गोळी घ्या. गरम व्हायला लागायचं. मग डोक्यावर पारदर्शक प्लास्टिकची टोपी, गळ्याशी रबरी पट्टा, त्यात प्राणवायूची नळी. आत आपलाच श्वास ऐकत बसायचं. मध्ये दोनदा टोपी काढून थोडा वेळ साधी हवा घ्यायची, तेवढंच काय ते बोलणं. उठून बाहेर जाता येत नाही. दार उघडायचं तर आधी दाब उतरवावा लागतो, तोही सावकाश. आतून कितीही आपटलं तरी ते दार उघडणार नाही, बाहेरची हवा आणि आतली हवा यांचं जमल्याशिवाय ते हलतच नाही.

पहिल्याच दिवशी मी बघितलं, एव्हरिलचा चेहरा टोपीत पिठासारखा पांढरा झाला होता. तिचे वडील टिनच्या खाणीत होते, खाणीच्या गोष्टी ऐकतच ती मोठी झाली. तिला लिफ्टमध्येही जीव मुठीत धरून उभं राहावं लागतं. हे तिने चाचणीत नाव देताना सांगितलं का? छे! त्या नर्सने विचारलं, "बंद जागेची भीती वाटते का?" आणि एव्हरिल म्हणाली, "फारशी नाही हो."

डेसने पहिल्या विश्रांतीत विचारलं, "एव्हरिल, बरं आहे ना? बाहेर यायचं असेल तर सांग. बाजूच्या छोट्या खोलीतून एकटीला काढता येतं."

"आणि मग ह्या दोघी?"

"मला तुझ्याबरोबर यावं लागेल. दुसरा माणूस आत येईपर्यंत यांचा प्राणवायू बंद. आजचा दिवस वाया जाईल, एवढंच."

"नको नको. मी मजेत आहे," एव्हरिल म्हणाली.

मजेत! तिचा झगा काखेपासून कमरेपर्यंत घामाने भिजला होता. पण दोन बायकांचा दिवस आपल्यापायी वाया घालवायचा म्हणजे आमच्याकडे खून करण्याच्या खालोखाल आहे. आणि मी तरी काय केलं? "एव्हरिल, तू घाबरली आहेस," असं म्हटलं का? मी तिला चघळायची गोळी दिली.

असे दिवस जात राहिले. गाडी, टाकी, गाडी. घरी आलं तरी कानात ती सूंऽऽ चालूच. रात्री उशी डोक्यावर घेऊन झोपायची माझी जुनी सवय, ती सुटली. डोक्यावर काही आलं की टोपीच वाटायची.

चाचणीच्या डॉक्टर होत्या इमोजेन ब्रॅम्वेल. तरुण मुलगी. केस विंचरायला वेळ नसलेली, खिशात अर्धं बिस्किट ठेवून विसरणारी. हाताचं खरं मोजमाप उपचार संपल्यावर काही महिन्यांनी व्हायचं होतं, जाडी मोजणारी प्रकाशाची एक चौकट असते, ती हातावरून सरकवून. तोपर्यंत दर शुक्रवारी ती आम्हाला चहा पाजायची आणि विचारायची.

"काय म्हणतोय हात?"

दोन शुक्रवार आम्ही "चाललंय आपलं" म्हणून भागवलं. तिसऱ्या शुक्रवारी ती आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. आधीच्या गटातली एक बाई मध्येच सोडून गेली होती, आणि वरचे लोक विचारत होते की या टाकीवर इतका खर्च कशाला. तिने हे आम्हाला सांगितलं नाही. डेसने सांगितलं.

"काय म्हणतोय हात, एव्हरिल?"

एव्हरिलने तिच्याकडे बघितलं. मग हाताकडे बघितलं. आणि म्हणाली, "मला वाटतं, थोडा मऊ पडलाय."

काय सांगू तुम्हाला, त्या पोरीचा चेहरा असा उजळला! "खरंच? कुठे? कोपराच्या वर की खाली?"

"खाली," एव्हरिल म्हणाली. "आणि थोडा वरपण."

मग डॉक्टर माझ्याकडे वळली. माझा हात पहिल्या दिवशी होता तसाच होता, ओंडका. अंगठ्याने दाबलं की पडलेला खळगा चहा संपेपर्यंत भरायचा नाही. पण एव्हरिलचा मऊ झाला आणि माझा नाही असं कसं सांगायचं? मीच काहीतरी चुकीचं करत असेन. श्वास नीट घेत नसेन. आणि ती पोर अशी आशेने बघत होती.

"माझाही," मी म्हटलं. "किंचित."

हिलरीला विचारलं तर ती कपात बघत म्हणाली, "माझा आहे तसाच." आम्हा दोघींना तिची दया आली. एव्हरिलने तर तिला आपल्या वाटणीचं बिस्किट दिलं.

परतताना गाडीत मी चोरून एव्हरिलच्या हाताकडे बघत होते आणि मनातून जळत होते. हिचा उतरला आणि माझा नाही. तीही, नंतर कळलं, माझ्या हाताकडे बघून तेच म्हणत होती. दोघी एकाच गाडीत, एकीच्या शेजारी एक, आणि दोघींनी आपापल्या खोट्याला आतून कडी लावलेली.

एकदा बोललेली गोष्ट थांबते थोडीच. पुढच्या शुक्रवारी आणखी थोडा मऊ. त्याच्या पुढच्या शुक्रवारी एव्हरिलने हात वर करून दाखवला, "बघा, आता इतका वर जातो." तो आधीही तितका वर जायचा. डॉक्टर लिहून घेत होती.

त्या दिवशी आम्ही येता येता बेकरीपाशी थांबलो. मला रात्रीसाठी दोन पेस्ट्या हव्या होत्या. जोवन गल्ल्यावर होता, आतल्या बाजूला एव्हरिलच्या बाकावर लोवेना मुरड घालत होती. लोवेना पूर्वी भट्टीवर असायची. भरलेले, मुरडलेले ट्रे उचलून आत सारायचं काम. एव्हरिल रजेवर गेली तेव्हा तिला बाकावर बसवलं आणि भट्टीवर जोवनने आपल्या मेव्हण्याला आणलं. लोवेनाचा नवरा तीन हिवाळ्यांपूर्वी मासेमारीच्या बोटीवरून परत आला नाही. दोन मुली आहेत, दोघी शाळेत.

"काय गं बाई, हात कसा आहे?" जोवनने विचारलं.

आता इथे गप्प बसायला काय झालं होतं? पण दुकानात चार गिऱ्हाईकं उभी, सगळ्यांचे कान इकडे, आणि सवय लागलेली.

"झक्कास चाललंय. मऊ पडलाय चांगला."

"पडलाय?" जोवनने हातातला कागद खाली ठेवला. "म्हणजे मुरड घालता येईल?"

"येईल की."

"मग पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी तू बाकावर. मी शब्द दिलाय तुला." त्याने आत वळून बघितलं, आणि त्याचा आवाज खाली आला. "लोवेना, ऐकलंस ना? मी तुला सांगितलंच होतं, एव्हरिल येईपर्यंत म्हणून. भट्टीवर आता जागा नाही, तुला माहीत आहे. महिनाअखेरपर्यंत आहेसच तू."

लोवेनाने पिठाचे हात पुसले. बाहेर आली, आणि एव्हरिलच्या गालाला गाल लावला. "फार आनंद झाला गं. मनापासून."

"तुझं काय होईल?" एव्हरिलने विचारलं.

"माझं काय, मिळेल कुठेतरी. काळजी करू नकोस."

एव्हरिल गाडीत बसली तेव्हा तिने पट्टा लावला नाही. मी सांगितल्यावर लावला, आणि तो लावताना तिची बोटं खाचेत नीट बसेनात. तीनदा चुकली. मी बघितलं आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हिचाही उतरलेला नाही. आणि मी काय बोलले? "उद्या पाऊस आहे म्हणतात."

शेवटच्या आठवड्यातला तो बुधवार. टाकीत आम्ही खाली गेलो होतो, टोप्या चढल्या होत्या. एव्हरिल माझ्या समोर. नेहमीसारखी डोळे मिटून बसलेली. मग तिचे डोळे उघडले आणि ती दाराकडे बघायला लागली. नुसती बघत राहिली. छाती वरखाली व्हायला लागली. टोपीत आतून वाफ धरली, मला तिचा चेहरा दिसेना. आणि एकाएकी तिने गळ्याचा पट्टा दोन्ही हातांनी ओढला.

डेस झेप घालून तिच्यापाशी गेला. टोपी काढली. "हळू, हळू. माझ्याकडे बघ. नाकाने घे."

"मला बाहेर जायचंय."

"जाऊ या. मी सांगतो त्यांना."

"नको! यांचा दिवस वाया जाईल!" ती ओरडली. त्या दाबात आवाज चिरका होतो, एखाद्या बदकासारखा, आणि त्या आवाजात ती रडत होती. "माझ्यापायी सगळ्यांचं सगळं वाया जातंय! तिचं काम गेलं माझ्यापायी!"

आम्ही दोघींनीही टोप्या काढल्या होत्या. डेस नको म्हणत होता, आम्ही ऐकलं नाही.

"कोणाचं काम?" हिलरीने विचारलं.

"लोवेनाचं. माझा हात उतरला म्हणून. आणि तो उतरलेलाच नाही! कणभरसुद्धा नाही! मी त्या डॉक्टर पोरीला वाईट वाटेल म्हणून बोलले. मग थेल्माचा उतरला, मग मला शब्द मागे कसा घेता येईल? सोमवारी मी काय करणार आहे त्या बाकावर बसून? मला सुईत दोरा ओवता येत नाही. मला पट्टा लावता येत नाही!"

आत्तापर्यंत मी जिथे जिथे अडकले होते, तिथून उठून निघून जायची सोय होती. लग्नात, चर्चच्या समितीत, कंटाळवाण्या जेवणात. म्हणून तर गोड बोलून वेळ मारून नेता येते. टाकीतून कुठे जाणार होते? लोखंडाच्या पोटात समोरासमोर बसलेलो, गुडघ्याला गुडघा.

"माझाही उतरलेला नाही," मी म्हटलं.

एव्हरिलने नाक पुसलं. "काय?"

"ओंडका आहे. बघ, दाब. तुझा उतरला म्हणालीस म्हणून मी म्हणाले."

"अगं, भवाने! मी रोज रात्री तुझ्या हाताचा विचार करून रडले!"

"मग मी कोणाच्या हाताचा विचार करत होते असं वाटतंय तुला?"

डेसने तोंडावर हात धरला होता. हसत होता की काय, देव जाणे. आम्ही दोघी हिलरीकडे वळलो. निदान ती तरी खरं बोलली होती. ती बिचारी लालबुंद झाली होती.

"माझा..." ती पुटपुटली.

"मोठ्याने बोल बाई, इथे कोण ऐकतंय!" मी म्हटलं.

"माझा उतरलाय. खरंच उतरलाय. लग्नाची अंगठी जाते बोटात. तुम्हा दोघींकडे बघून वाटलं की तुमचा नाही उतरला, तुम्ही नुसतं म्हणताय. मग आपलंच कसं सांगायचं? म्हणून मी तसाच आहे म्हणाले."

आणि मी तिच्याकडे दयेने बघत होते इतके दिवस! एव्हरिलने तर बिस्किट दिलं होतं!

तेवढ्यात छतातल्या कर्ण्यातून खरखर झाली. बाहेर जो टाकी चालवतो त्याला आतलं सगळं ऐकू येतं, हे पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितलेलं होतं. आम्ही विसरलो होतो. त्याने डॉक्टर ब्रॅम्वेलला बोलावून घेतलं असणार, कर्ण्यातून तिचाच आवाज आला.

"एव्हरिल, तुम्हाला वर आणायचंय का?"

एव्हरिलने दाराकडे बघितलं. "नको. आता बसते."

"ठीक आहे. मला हे आधी सांगायला हवं होतंत तुम्ही. तिघींनीही. मला बरं वाटावं म्हणून बोलायचं नसतं. उतरला नाही, हेही मला हवं असलेलं उत्तर आहे. उद्या एखादी बाई माझ्याकडे येऊन विचारेल, मी सहा आठवडे त्या टाकीत बसू का? तिला मी काय सांगू? उत्तराऐवजी तुमच्यासारखं बिस्किट देऊ?"

तिला राग आला होता. तोपर्यंत ती आमच्यावर कधीच रागावली नव्हती, आणि मला वाटतं तिला राग आला हे बरंच झालं. मग डेसने टोप्या पुन्हा चढवल्या, आणि उरलेला सगळा वेळ आम्ही तिघी एकमेकींकडे बघत बसलो. दार बंदच होतं. तोंड लपवायला जागा नव्हती.

परत येताना एव्हरिल म्हणाली, "बेकरीपाशी थांबव."

दुकान बंद व्हायची वेळ. गिऱ्हाईक नव्हतं. जोवन काच पुसत होता, लोवेना उद्याच्या पाऱ्या लाटून कपड्याखाली ठेवत होती. एव्हरिल थेट आत गेली, बाकापर्यंत. मी तिच्या मागे.

"जोवन, हात उतरलेला नाही. मी खोटं सांगितलं. लोवेनाला काढू नकोस."

जोवनने फडकं खाली ठेवलं. लोवेनाने वर बघितलं नाही.

"पण मला एक कोपरा दे," एव्हरिल म्हणाली. "अर्धा दिवस. रजेच्या आधी करत होते तसं. सूज तेव्हाही होतीच की, आणि जमत होतं ना मला? हळू होत होतं, पण जमत होतं."

जोवनने लोवेनाकडे बघितलं, लोवेनाने पिठाकडे.

"जमत होतं ना?" एव्हरिलने पुन्हा विचारलं.

"एव्हरिल, चहा घेणार का?" जोवन म्हणाला.

"जोवन."

त्याने मान चोळली. "फुटत होत्या गं. भट्टीत तोंड उघडायच्या, सगळा रस बाहेर. मागच्या ख्रिसमसच्या आधीपासून."

"एकही परत आली नाही. गिऱ्हाईकाची एक तक्रार नाही."

"येणार कशी? लोवेना भट्टीत घालायच्या आधी तुझा ट्रे मागे न्यायची आणि पुन्हा मुरड घालायची. सगळ्या."

"खोटं आहे. मी डावखुरी आहे. माझी मुरड उलट्या अंगाला जाते, अख्ख्या गावात माझी एकटीची. लोवेना उजव्या हाताची आहे. मी माझ्या भाजलेल्या पेस्ट्या रोज बघायचे. माझ्याच होत्या त्या."

लोवेना अगदी हळू म्हणाली, "मी डाव्या हाताने शिकले. घरी. मुलींच्या खेळायच्या मातीवर आधी, मग कणकेवर. तुला कळू नये म्हणून."

मी आयुष्यात बऱ्याच बायका रडताना बघितल्यात. एव्हरिल रडली नाही. ती ताठ उभी राहिली आणि तिचा चेहरा असा झाला की मला तिथून निघून जावंसं वाटलं. इतके महिने ती बाकावर बसत होती, गावभर मान वर करून फिरत होती, प्राणवायूसाठी त्या टाकीत मरणाची भीती गिळत होती, आणि जी जागा वाचवायला हे सगळं चाललं होतं ती जागा केव्हाच तिची राहिली नव्हती. सगळ्यांनी मिळून तिला प्रेमाने कोंडून ठेवलं होतं. मला जोवनचा राग आला, लोवेनाचा आला, आणि काय करू, त्याच वेळी मला त्या लोवेनाचा हात हातात घ्यावासाही वाटला.

एव्हरिलने कपडा बाजूला केला. एक पारी घेतली, सारण भरलं, मिटली, आणि मुरड घालायला लागली. त्या फुगलेल्या बोटांनी. पारी चिमटीत येत नव्हती, निसटत होती. तिने ओठ चावून शेवटपर्यंत नेली. ट्रेवर ठेवली.

"भट्टी गरम आहे?"

"आहे," जोवन म्हणाला.

"घाल."

ती भाजून होईपर्यंत आम्ही चौघं तिथेच बसलो. जोवनने चहा केला, तो कोणी प्यायला नाही. मांस शिजल्याचा वास आला. मग जळल्याचा, रस तापल्या पत्र्यावर सांडला की येतो तसा.

जोवनने ट्रे बाहेर काढून बाकावर ठेवला. मुरड मधोमध उसवली होती. बटाटा बाहेर आला होता, खाली रस करपून काळा.

"सांगा," एव्हरिल म्हणाली. "कशी आहे?"

"तशी वाईट नाही," जोवन म्हणाला. "एका बाजूने तर..."

"तुला नाही विचारलं. लोवेना, तू सांग."

लोवेनाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने पेस्टीकडे बघितलं, मग एव्हरिलकडे. माझ्याकडेही बघितलं, मी काही मदत करीन म्हणून. मी केली नाही.

"फुटलीय," ती म्हणाली. "विकता येणार नाही."

"आणि आधीच्या?"

"त्याही नव्हत्या. एकही नाही."

एव्हरिलने मान हलवली. गरम असतानाच तिने ती पेस्टी मोडली, तिचे दोन तुकडे केले, एक लोवेनाच्या हातात दिला आणि दुसरा स्वतः उभ्या उभ्या खाऊ लागली.

"मीठ बरोबर आहे," ती म्हणाली. "सोमवारी तूच बस."